निळ्या पिंपाचे नाव

पडद्यावर तीच ओळ दुसऱ्यांदा उमटली. लॉगिन इन्करेक्ट.

नरहरीने बोटे कळफलकावरून उचलली, पँटला पुसली आणि पुन्हा कळांवर ठेवली. पण लगेच काही टाइप केले नाही. तिसऱ्यांदा चुकले तर मुंबईच्या हेड ऑफिसातला मोठा संगणक बोईसरचे खाते बंद करून टाकतो, हे त्याला ठाऊक होते. चुकत कसे होते, एवढेच त्याला समजत नव्हते. हा पासवर्ड तो रोज संध्याकाळी टाइप करत आला होता. वडिलांच्या बोटांना जाळ्याच्या गाठी जशा न बघता येत, तसा तो त्याच्या बोटांना येत होता.

थोड्या वेळापूर्वी पंढरीचा दवाखान्यातून फोन आला होता. पंढरी सकाळपाळीचा सुपरवायझर. नेहमी हसूनखेळून बोलणारा माणूस, पण आज त्याचा आवाज कोरडा पडला होता.

"नरहरी, डॉक्टर विचारतायत, त्या निळ्या पिंपात काय होतं. नाव पायजे त्यांना. नवशा नुसता तळमळतोय रे. कातडी बघशील तर काय पण नाय, जरा लाल झालीय. पण ओरडणं ऐकवत नाय."

"पिंपावर डी-अकरा लिहिलंय," नरहरी म्हणाला.

"ते मलापण वाचता येतं. डी-अकरा म्हणजे काय, ते सांग. नाव कळलं तर त्याचं औषध देता येईल, असं म्हणतायत."

नरहरीने आत्ता सांगतो म्हणून फोन ठेवला होता, आणि त्याच फोनची तार काढून मोडेमला जोडली होती.

कारखाना रंगाच्या पुड्या करत असे. त्या कशापासून होतात, हे कारखान्यातल्या फार थोड्यांना माहीत होते. मुंबईच्या गोदामात प्रत्येक पिंपावरचे मूळ लेबल खरवडून काढत आणि पांढऱ्या रंगाने एक अक्षर व एक आकडा घालत. शेजारच्या कारखान्याला आपली कृती कळू नये, म्हणून ही व्यवस्था. कोणत्या आकड्यामागे कोणते रसायन, याची यादी हेड ऑफिसच्या संगणकात होती. बोईसरमध्ये ती पाहण्याची मुभा दोघांनाच : केमिस्टला आणि स्टोअरच्या नरहरीला. केमिस्ट दसऱ्यासाठी गावी गेला होता. नरहरीने त्या यादीतले एकही नाव कधी कागदावर उतरवले नव्हते, घरी बोलताना कधी उच्चारले नव्हते. आपल्यावर टाकलेला हा विश्वास तो देवघरातल्या वस्तूसारखा जपत असे. डी-अकराची पिंपे तर दसऱ्याच्या तोंडावरच आलेली. त्यांचे नाव त्याने अजून उघडून पाहिलेही नव्हते.

तो मुरबे गावचा. त्याचे वडील धर्माजी सातपाटीच्या बंदरातून होडी नेत. लहानपणी नरहरीला होडीवर नेले की खाडीचे तोंड ओलांडण्याआधीच त्याला ओकाऱ्या सुरू होत. मुरब्याच्या किनाऱ्यावर यावर पुष्कळ विनोद झाले. मासळी वाळत घालणाऱ्या बायका त्याला दुरून विचारत, "काय रं, आज दर्या बरा हाय का पोटात?" तो मान खाली घालून निघून जाई. वडिलांनी त्याला कधी दोष दिला नाही. एका संध्याकाळी जाळे विणता विणता एवढेच म्हणाले, की सगळ्यांनीच पाण्यात जायला पायजे असं काय नाय, तू सुका राहा. मग तो पालघरच्या कॉलेजात शिकला, बोईसरला नोकरीला चिकटला आणि खरोखरच सुका राहिला. माणसांशी तो बेताने बोलत असे. स्टोअरच्या या लहान खोलीत, जिथे धुळीमुळे खिडकी उघडता येत नसे, त्याला जगात कुठेही वाटला नव्हता इतका निवांतपणा वाटे. कंपनीने संगणक बसवला तेव्हा इतर कारकून त्याला बिचकले. नरहरीला मात्र तो आपल्यासारखा वाटला. विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि एका वेळी एकाशीच बोलतो.

संध्याकाळी मोडेम मुंबईला जोडताना जो कर्कश आवाज निघे, तो ऐकायला नवशा मुद्दाम थांबत असे. नवशा ठेकेदाराकडचा माणूस. चिल्हारच्या रस्त्यावरच्या एका पाड्यातून पहाटे पायी निघून येई. पिंपे उतरवणे, पंपाची नळी लावणे, पिंपे रिकामी झाली की धुऊन रचणे, ही त्याची कामे. दाराच्या चौकटीला टेकून तो म्हणे, "दादा, ह्यो खोका मुंबयशी बोलतो का भांडतो रं?" नरहरी हसून म्हणे, भांडतो. "मंग ठीक हाय. आमचा ठेकेदार बी असाच वरडतो. पन ह्याची मुंबयशी जोडनी व्हते, आमची कोनाशी नाय व्हत." त्या खोलीत दिवसभरात एवढाच काय तो हसण्याचा आवाज होई आणि नवशा गेल्यावर खोली जरा मोठी वाटू लागे.

दसऱ्याच्या दिवशी कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा झाली होती. पंपांना हळद लागली, मोठ्या भांड्यांना झेंडूचे हार पडले. नवशाने त्याच्या पाड्यावरून पिशवी भरून झेंडू आणला होता. सगळीकडचे हार ओवून झाल्यावर उरलेली फुले तो स्टोअरच्या दाराशी घेऊन आला आणि म्हणाला, "तुज्या खोक्याला बी घाल दोन. तो बी राबतो." नरहरीने घरून आणलेल्या पुडीतले कुंकू पडद्याच्या कडेला लावले, कळफलकावर दोन फुले ठेवली, कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या, हात जोडले. नवशानेही दारातूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, नरहरीने सुकलेली फुले उचलली, मऊ फडक्याने कळा पुसल्या. सगळे स्वच्छ दिसत होते.

त्यानंतर थोड्याच वेळात तिकडे पंपाची नळी पिंपाच्या तोंडातून निसटली होती. नवशाच्या मांडीवर आणि हातावर उडाले ते पाण्यासारखे पातळ होते. त्याने नळाखाली हात धरला, पँट पिळली आणि कामाला लागला. पंढरीने विचारले तर म्हणाला, काय नाय, पानीच हाय. जेवणाच्या आधी त्याला कळ यायला लागली, आणि मग ती थांबेना.

नरहरीने तिसऱ्यांदा टाइप केले. एकेक कळ सावकाश, शब्द मनात म्हणत म्हणत. नाव टाइप करताना ते पडद्यावर दिसे. पासवर्ड मात्र दिसत नसे, साध्या ठिपक्यांनीही नाही. काळोख्या विहिरीत खडे टाकावेत तसे ते अक्षरामागून अक्षर आत जाई, आणि आवाजावरूनच काय तो अंदाज करायचा. शेवटची कळ दाबून तो थांबला. पडदा क्षणभर रिकामा राहिला. मग ओळ आली, आणि तिच्याखाली दुसरी : खाते बंद करण्यात आले आहे. मोडेमने आपणच लाइन सोडली.

त्याने तार पुन्हा फोनला जोडली आणि हेड ऑफिस लावले. दसऱ्यामुळे तिथेही अर्धी माणसे आली नव्हती. ऑपरेटर बाईंनी बराच वेळ घेऊन संगणक विभागात जोडून दिले. तिकडचा आवाज तरुण होता, शांत होता आणि त्याला घाई नव्हती. नरहरीने सगळे सांगितले. मनातल्यापेक्षा फार तुटक. माणूस दवाखान्यात आहे, नाव हवे आहे, पासवर्ड चालत नाही. तिकडून विचारणा झाली, की पासवर्ड कोणाला सांगितला आहे काय. नाही. बदलला आहे काय. नाही. मोठ्या अक्षरांची कळ चुकून दाबलेली आहे काय. नरहरीने पाहिले, ती नव्हती.

"मग तुम्ही चुकीचा टाइप करताय," आवाज म्हणाला. "इथे सगळं बरोबर आहे. बाकी सगळ्या शाखा आत येतायत."

"मी रोज टाइप करतो साहेब."

"रोज करता, आज चुकताय."

हे इतके सरळ होते की नरहरीला ते खरेच वाटले. माणसाचे आणि संगणकाचे पटले नाही तर चूक माणसाची, असे तो स्वतःच इतरांना सांगत आला होता. त्याने एवढीच विनंती केली, की यादीत बघून तेवढे एक नाव तुम्हीच सांगा. नावांचा तो रकाना आम्हालाही दिसत नाही, आवाज म्हणाला. तो डायरेक्टरसाहेबांना दिसतो, आणि तुमच्या दोघांना. शिवाय फोनवर कोण बोलतोय हे मला कसं कळणार? मागच्या वर्षी अशाच एकाने आमचा माणूस म्हणून फोन करून भाव काढून घेतले होते. तुमच्या मॅनेजरच्या सहीचा फॅक्स येऊ द्या.

मॅनेजर सुट्टीवर होते. फॅक्सचे यंत्र आणि कारखान्यातला दुसरा फोन त्यांच्याच केबिनमध्ये होता, आणि केबिनला कुलूप. ते पितळेचे साधे कुलूप होते. घणाच्या एका घावाने तुटले असते. ते तोडावे असा विचार नरहरीच्या मनात आला नाही. आणि तो आला कसा नाही, या प्रश्नापाशी तो पुढे पुष्कळ दिवस जाऊन बसत राहिला.

शेवटी त्याच्या आवाजातले काहीतरी तिकडच्या तरुणाला पटले असावे. त्याने खाते पुन्हा उघडून दिले, आजपुरती तीन चुकांची अट काढली आणि डायरेक्टरसाहेबांना निरोप ठेवतो म्हणाला. ते विमानतळाच्या वाटेवर होते. नरहरीने तार मोडेमला लावली. पुन्हा तो कर्कश आवाज खोलीत भरला. आज तो भांडणासारखा वाटला नाही. बंद दारावर कोणीतरी नखे ओढावीत तसा वाटला. त्याने नाव टाइप केले. पासवर्ड टाइप केला. लॉगिन इन्करेक्ट. तो उठला, मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारून आला. आपले वय, आपले गाव, कंपनीत लागल्याचे साल असे काहीबाही त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिले, आपले डोके ठिकाणावर आहे की नाही ते बघायला. सगळे बरोबर येत होते. फक्त तो एक शब्द, जो त्याच्याशिवाय तिथे कोणालाही माहीत नव्हता, त्याचाच राहिला नव्हता.

तो पुन्हा बसला. पुन्हा लाइन जोडली. किती वेळ गेला, हे त्याच्या ध्यानात आले नाही. मोडेम चालू असताना बाहेरून कोणाचाही फोन लागू शकत नाही, हे मात्र त्याला चांगले ठाऊक होते. पण आता होईल, पुढच्या खेपेला होईल, या आशेत ते ठाऊक असणे कुठेतरी मागे पडले.

पंढरी मोटरसायकल तशीच दारात टाकून आत आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"फोन ठेव ना रे नीट," तो म्हणाला. "डॉक्टर लावतायत, मी लावतोय, सारखा एंगेज. कोणाशी बोलतोयस?"

नरहरीने पडद्याकडे बोट केले. पंढरीने ती ओळ वाचली. मग नरहरीने वाकून मोडेमची तार उपसली, फोनला लावली, आणि ती लावल्याबरोबर घंटा वाजली. बाहेर कोणीतरी कितीतरी वेळ कडीला हात लावून उभे असावे, अशी ती वाजली. तिकडे डायरेक्टरसाहेब होते. विमानतळावरून बोलत होते आणि चिडलेले होते. अर्धा तास तुमची लाइन लागत नाही, म्हणाले. मग त्यांनी ते नाव सांगितले. एका श्वासात सांगून झाले. हायड्रोफ्लोरिक ॲसिड. पातळ केलेले. आणि फोन ठेवण्याआधी म्हणाले, की हे डॉक्टरशिवाय कोणाला कळता कामा नये.

दवाखान्याला फोन लावला तर आता तिकडचा एंगेज. ते दोघे मोटरसायकलवर बसले. वाटेत नरहरी ते नाव पुटपुटत होता. वाऱ्यात ते तोंडातून निघाल्याबरोबर मागे जात होते, तरी तो थांबला नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर पारू बसली होती. नवशाची बायको. शेतातून तशीच कोणीतरी तिला आणली असावी. तिच्या पायांना कापणीचे तूस चिकटले होते आणि हातात विळा होता. ती विळा खाली ठेवायला विसरली होती, आणि आसपासच्या कोणालाही तो तिच्या हातातून घ्यावा असे सुचले नव्हते. तिचा चेहरा कोरडा होता. तिच्याकडे बघताच पंढरीच्या चालीतला वेग गेला. नरहरी मात्र आत शिरला, डॉक्टरांच्या टेबलापुढे उभा राहिला आणि त्याने नाव सांगितले.

डॉक्टर वयस्क होते. ते खुर्चीतून उठले, भिंतीतल्या कपाटाचे दार उघडले आणि खोक्यातून काचेची एक लहान कुपी काढून टेबलावर ठेवली.

"कॅल्शियम," ते म्हणाले. "हे द्यायचं असतं. बाळंतिणींना देतो आम्ही. कपाट भरलंय."

ते रागावले असते तर नरहरीला बरे वाटले असते. ते रागावले नाहीत. त्यांनी कुपी उचलली, खोक्यात पूर्वीच्या जागी ठेवली आणि दार लावले. हे ॲसिड अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं, ते कपाटाकडे बघतच म्हणाले. वरून दिसत नाही काही. मग हृदय थांबतं. त्याचं आत्ताच थांबलं.

नरहरी बाहेर आला. पारूच्या समोरून जायला हवे होते, आणि दुसरी वाट नव्हती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. पण त्या वेळी तिने काही विचारले नाही.

त्या आठवड्यात मुंबईहून संगणक विभागाचा माणूस आला. सडपातळ, चष्मा लावलेला, नरहरीपेक्षाही लहान. "नमस्कार, मीच बोललो होतो फोनवर," असे तो दारातच म्हणाला, आणि त्याचा आवाज ओळखून नरहरी उठून उभा राहिला. त्या माणसाने खुर्ची ओढली, लाइन जोडली आणि म्हणाला, "नावाच्या जागेवर पासवर्ड टाइप करा."

नरहरीचे हात मांडीवरच राहिले. "तिथे करायचा नाही ना. तिथे तो दिसतो."

"दिसावा म्हणूनच."

"पासवर्ड कधीही पडद्यावर दिसू द्यायचा नाही, असं शिकवलंय आम्हाला."

"मीच शिकवलं असेल," तो म्हणाला, पण हसला नाही.

नरहरीने टाइप केले. शब्द पडद्यावर उमटला. त्यात मधले एक अक्षर नव्हते. त्याने पुन्हा टाइप केले. पुन्हा तेच अक्षर नव्हते. एरवीच्या कामात त्या अक्षराची गरज क्वचितच पडत असे. मुंबईच्या माणसाने कळफलक उचलला, उलटा केला आणि तळहाताने दोनदा थोपटला. झेंडूची एक वाळून काळी झालेली पाकळी टेबलावर पडली. मग त्याने खिशातल्या लहान पेचकसाने ती एक कळ उचकटली. तिच्या खाचेत तांदळाचा दाणा अडकला होता. कुंकवाने लाल, अर्धा चिरडलेला.

दोघेही त्याच्याकडे बघत राहिले.

"सगळेच करतात हो," तो माणूस म्हणाला. "आमच्याकडे पण झाली पूजा. फक्त आम्ही वर प्लास्टिक टाकतो." त्याने पिशवीतून नवा कळफलक काढून जोडला, आपल्या कागदावर 'कळफलक बदलला' असे लिहिले आणि नरहरीची सही घेतली. जेवणाच्या आधी तो परतही गेला.

कोणीही नरहरीला दोष दिला नाही. हे त्याला सगळ्यात जड गेले. रजेवरून आलेल्या मॅनेजरांनी त्याला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. तुम्ही नियम सोडला नाहीत, हे डायरेक्टरसाहेबांच्या ध्यानात आले आहे, म्हणाले. त्या पिंपाचे नाव बाहेर जाऊ नये, एवढी काळजी घ्या. युनियनवाले आणि पेपरवाले येतील, विचारतील. नरहरी हो म्हणाला. घरी त्याची बायको प्रेमला त्याच्या ताटातला भात तसाच राहिलेला बघून काही विचारी. तो कामाचे निमित्त सांगे. खरे तर पांढऱ्या भाताचे एकेक शीत त्याला आता वेगळे दिसू लागले होते, आणि ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

पारू आली ती दुपारची. गेटवरच्या वॉचमनने आत निरोप पाठवला, की एक आदिवासी बाई बसली आहे, ठेकेदाराकडे जा म्हटले तर जात नाही, स्टोअरवाल्या दादाला बोलवा म्हणते. नरहरी गेला. ती गेटबाहेर, गटाराच्या पलीकडे, करंजाच्या सावलीत उकिडवी बसली होती. त्याला बघून उठली. तो शेजारी उभा राहिला. समोरून टँकर जात होते आणि रस्त्यावरची निळसर धूळ उडून पुन्हा खाली बसत होती.

"दादा, त्याला काय लागला?" तिने विचारले.

"ॲसिड," नरहरी म्हणाला.

"डाक्तर बी तसाच बोलला. केमिकल बोलला. केमिकल तं तुमच्याकडं सगळाच हाय. त्याचा नाव काय?"

नरहरीने गेटकडे पाहिले. वॉचमन स्टुलावर बसून इकडेच बघत होता.

"नाव कशाला पायजे तुला, पारू?"

ते उत्तर तिला इतके उघड होते की ते कोणाला समजावून सांगावे लागेल, असे तिला वाटले नसावे.

"दिवस करायचा हाय ना. भगत बसंल. आमच्या पाड्यावर तो पयला विचारतो, कोनी नेला. साप असंल तं सापाचा नाव घेतात. पान्यात गेला तं पान्याचा. नाव घेऊन त्याला सांगतात, तू आमचा मानूस नेला, तुजा पोट भरला, आता आमच्या दारी येऊ नको, पोरांकडं बघू नको. नाव नसंल तं कोनाला सांगनार? तो येत राहील."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. ती फक्त वाट बघत उभी राहिली, आणि ते उभे राहणे सरकारी कचेरीपुढच्या माणसाचे नव्हते. आपली वस्तू मागायला आलेल्या माणसाचे होते.

लहानपणापासून कोणी पुढे उभे राहून काही विचारले की नरहरी मान खाली घालून निघून जात आला होता; आज तो जागचा हलला नाही. त्याला मॅनेजरांचा चहा आठवला. डायरेक्टरसाहेबांचा तो घाईचा आवाज आठवला. आणि मग त्याला जाणवले, की आपण गेली सगळी वर्षे जे जपत आलो ते याच बाईपासून, याच लोकांपासून जपत होतो. त्या पिंपांना हात लावणाऱ्या माणसांपासून.

"हायड्रोफ्लोरिक," तो म्हणाला.

"काय?"

"हायड्रोफ्लोरिक ॲसिड."

तिने ओठ हलवून पाहिले. पहिला तुकडा आला, पुढचा मोडला. तो हळू म्हणाला, तुकडे करून. ती त्याच्यामागून म्हणाली. तिचे पुन्हा चुकले. त्याने पुन्हा सांगितले. मध्ये एक टँकर गेला आणि दोघेही त्याचा आवाज विरेपर्यंत थांबले, मग पुन्हा सुरू झाले. शाळेत नवा धडा घेणाऱ्या दोन माणसांसारखे ते त्या झाडाखाली उभे होते. वॉचमन स्टुलावरून उठून गेटच्या गजापाशी आला होता आणि ऐकत होता. नरहरीने त्याला पाहिले. आवाज मात्र कमी केला नाही.

शेवटी ते नाव तिच्या तोंडून अखंड निघाले. तिच्या बोलीत ते थोडे वेगळे झाले होते, गोल झाले होते. पण ते तेच होते. तिने मान हलवली, पदर खोचला आणि चिल्हारच्या बाजूला वळली.

ती बरीच पुढे गेली असेल. समोरून येणाऱ्या ट्रकने भोंगा वाजवला, ती दचकून रस्त्याच्या कडेला झाली, आणि तिथेच थांबली. मग तिने वळून पाहिले. नरहरी अजून करंजाखालीच होता. इतक्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता. पण ती हलत नव्हती, आणि ती का हलत नाही ते त्याला कळले : दचकताना ते नाव तिच्याकडून सांडले होते.

त्याने तोंडाभोवती हात धरले, होडीवरची माणसे किनाऱ्याला हाक देताना धरतात तसे, आणि ते नाव मोठ्याने, तुकडा तुकडा करून, रस्त्यावरून तिच्याकडे पाठवले. गेटच्या आत कोणीतरी थबकले. वॉचमन काहीतरी म्हणाला. नरहरीने ते पुन्हा एकदा म्हटले.

पारूने हात वर केला. मग ती वळली आणि चालू लागली, मान ताठ ठेवून, काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर असल्यासारखी. आजूबाजूला न बघता, पाय जपून टाकत.